चव्वेचाळीस मायक्रॉन : कुंभार्ली घाट आणि एक तुटलेला स्टड

दुपारी साडेतीनच्या सुमारास गुरुजींचा फोन आला. चिपळूणहून कराडकडे येत होते. हेळवाक सोडल्यापासून पुढच्या डाव्या चाकातून कट-कट असा आवाज येत होता आणि वळणावर तो जास्त व्हायचा. "ब्रेक दाबला की आवाज बदलतो का?" मी विचारलं. "दाबला की थांबतो, सोडला की परत सुरू." बेअरिंग किंवा सीव्ही जॉइंट (इंजिनाची ताकद चाकाला देणारा सांधा) असता तर आवाज ब्रेकच्या तालावर असा नाचला नसता. म्हटलं, "गुरुजी, जिथं आहात तिथंच थांबा. खाली उतरून त्या चाकाचे नट मोजा." मिनिटभराने उत्तर आलं, "तीनच आहेत. चौथ्याच्या जागी नुसतं भोक दिसतंय."

पाटणला पोचेपर्यंत मी मनात खटला निकालात काढून टाकला होता. गाडी माझ्या ओळखीची होती. चार नटांची छोटी पेट्रोल हॅचबॅक, नऊ वर्षं वापरलेली, गुरुजींनी हौसेनं बाहेरून मॅगव्हील, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिम, बसवलेली. अकरा दिवसांपूर्वी चाकं उतरवून व्हील बॅलन्सिंग झालं होतं, तेही एका टायरवाल्याकडे, म्हणजे तिथं गन, नट आवळायचं यंत्र, आली. गनने स्टड (ज्यावर नट चढतो तो आट्यांचा दांडा) ताणला, स्टड तुटला, विषय संपला. आमच्या धंद्यात स्टड तुटला की निदान ठरलेलंच असतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. इथं ते निम्मंच खरं निघालं. उरलेलं निम्मं शोधायला मला दोन दिवस लागले, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतोय.

जागेवर काय दिसलं

आधी मी काहीच सोडवलं नाही. ही सवय मला उशिरा लागली. पूर्वी पोचल्या पोचल्या पाना लावायचो आणि पुरावा हाताने पुसून टाकायचो. आता पांढऱ्या पेंट मार्करने प्रत्येक नटावरून रिमवर जाणारी रेघ ओढतो, फोटो काढतो आणि मगच हात लावतो.

चार स्टडना घड्याळासारखे आकडे देतो. बारा वाजताचा, तीनचा, सहाचा, नऊचा. सहाचा तुटून नटासकट रस्त्यात कुठेतरी पडला होता आणि त्याचं बुंध हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, शिल्लक होतं. तीन आणि नऊचे नट बोटांनी फिरले, पाना लागलाच नाही. बारा वाजताचा नट मात्र घट्ट होता. तो सोडवायला काट्याचा जुना टॉर्क रेंच, म्हणजे पिळायचा जोर मोजणारा पाना, लावला (ठरवलेल्या मापाला टक वाजणाऱ्या क्लिकवाल्या रेंचने नट सोडवायचा नसतो, त्याचं माप बिघडतं), आणि काटा १८० न्यूटन-मीटरपर्यंत गेल्यावर नट कर्रकन सुटला. या गाडीला सांगितलेलं माप १०० आहे. सोडवतानाचा आकडा आणि आवळतानाचा आकडा एकच नसतो. या नटाच्या बैठकीत ॲल्युमिनियम घासून चिकटलं होतं, त्याचाही त्यात वाटा होता. तरीपण हा नट गरजेपेक्षा जास्त पिळला होता यात शंका नव्हती.

म्हणजे एकाच चाकावर एक नट अतिघट्ट, दोन ढिले आणि एक गायब. जास्त आवळल्यामुळे स्टड तुटला असता तर तुटायला हवा होता बारा वाजताचा. तुटला त्याच्या बरोबर समोरचा.

गुरुजींचा प्रश्न साहजिक होता. "तीनवर हळूहळू नेऊ का कराडपर्यंत?" नाही म्हणालो. त्यातले दोन ढिले चालून थकलेले आणि तिसरा ताणलेला. गाडी फ्लॅटबेडवर टाकून आणली.

तुटलेल्या तोंडाचं वाचन

हब बाहेर काढून तुटलेलं बुंध प्रेसवर दाबून काढलं. (हातोड्याने ठोकून काढतात बरेच जण. हबमध्ये बेअरिंग असतं आणि ठोक्याचा मार तेच खातं. महिन्याभराने चाकातून घूं-घूं सुरू झालं की गिऱ्हाईक परत आपल्याच दारात.) ते बुंध पेट्रोलमध्ये धुतलं, उन्हात धरलं आणि दहा पटीचं भिंग लावलं.

बोल्ट एका दमात ओढून तुटला तर तुटायच्या आधी त्याची कंबर बारीक होते, तोंड खडबडीत असतं, कडा पेल्यासारख्या वर आलेल्या असतात. इथं तसं काही नव्हतं. कंबर जशीच्या तशी. तोंडाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग गुळगुळीत, काळपट तपकिरी, आणि त्यावर चंद्रकोरीसारख्या बारीक रेघा, एकीपुढे एक सरकत गेलेल्या, ओहोटीच्या वेळी वाळूवर पाण्याच्या खुणा राहतात तशा. उरलेला एक तृतीयांश भाग साखरेच्या खड्यासारखा चकाकणारा, ताजा. हे फटिगचं, म्हणजे पुन्हापुन्हा वाकून थकलेल्या धातूचं, तोंड होतं. आट्याच्या खोबणीत एका जागी तडा सुरू झाला, रोज थोडा थोडा पुढे सरकत गेला आणि शेवटी उरलेल्या तुकड्याला भार पेलवला नाही. काळपट भागात ब्रेकची धूळ बसली होती, म्हणजे तडा काही दिवसांचा जुना होता.

जागाही बोलकी होती. नटाचा जो आटा रिमच्या बाजूला सगळ्यात आधी पकड घेतो, त्याच्याच खोबणीत तुटलेलं. नटाचे सात-आठ आटे सारखा भार घेतात असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात पहिला आटा एकटाच एकूण भाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उचलतो. फटिगचा तडा बहुतेक तिथंच जन्माला येतो.

फटिगला फेरे लागतात. या टायरचा घेर अंदाजे १.९ मीटर. अकरा दिवसांत गाडी ९०० किलोमीटर फिरली होती, त्यात चिपळूणच्या तीन खेपा. चाकाचे साडेचार लाखांवर फेरे झाले, आणि ढिल्या चाकात प्रत्येक फेऱ्याला स्टड एकदा वाकतो आणि सरळ होतो. तार इकडेतिकडे वाकवून तोडतो तसंच, फक्त बारीक प्रमाणात आणि लाखो वेळा.

आता प्रश्न उलटा झाला. इतका वेळ मी "कुणी जास्त आवळलं" हे शोधत होतो. शोधायला हवं होतं ते "आवळलेलं गेलं कुठे".

स्टड ही स्प्रिंग आहे

इथं थोडा हिशेब करतो. गुरुजी गणिताचे, त्यांच्यासमोर हा हिशेब मी पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केला होता.

नट फिरवताना आपण जो जोर लावतो, त्यातला साधारण निम्मा नटाच्या बैठकीखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमधल्या घर्षणात जातो, आणि उरलेला दहावा हिस्सा खऱ्या कामाला येतो. खरं काम म्हणजे स्टड ओढून लांब करणं. लांब झालेला स्टड परत आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीने रिम हबवर दाबून धरतो. चाक नटावर लटकलेलं नसतं, स्टडवर टेकलेलंही नसतं. रिम आणि हब यांच्या तोंडातल्या घर्षणावर ते उभं असतं.

हा स्टड १२ मिलिमीटरचा, १.२५ च्या आट्याचा. १०० न्यूटन-मीटरने कोरडा आवळला तर ढोबळ हिशेबाने त्यात ४१ ते ४२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वाचार टनांची ओढ तयार होते. चार स्टड मिळून सतरा टन. गाडीचं त्या चाकावरचं वजन तीनशे किलोच्या आसपास. म्हणजे पकड भरपूर, कंजुषी कुठेच नाही.

आता ही सव्वाचार टनांची ओढ साठवायला स्टड लांब किती होतो? हबच्या तोंडापासून नटाच्या पहिल्या आट्यापर्यंतची लांबी मी मोजली. डिस्कची जाडी ६ आणि रिमची १४, एकूण २० मिलिमीटर. आट्यांमधला पोलादाचा छेद ९२ चौरस मिलिमीटर. पोलादाचा ताठरपणा लावून गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं ०.०४४ मिलिमीटर. चव्वेचाळीस मायक्रॉन. डोक्याचा केस बहुधा याहून जाड असतो.

गुरुजींनी तो आकडा दोनदा तपासला. "म्हणजे अख्खं चाक या एवढ्याशा लांबीवर उभं आहे?" हो, तेवढ्यावरच. मग ते स्वतःच पुढे गेले. आटा १.२५ चा, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला नट सव्वा मिलिमीटर पुढे जातो. ०.०४४ साठी किती अंश? तेरा अंशांपेक्षा थोडे कमी. "घड्याळात दोन मिनिटं," ते म्हणाले. नटाचं, रिमचं, आट्यांचं दबणं धरलं तर आकडा वाढतो, पण हिशेब मिनिटांचाच राहतो. नट टेकल्यापासून पूर्ण घट्ट होईपर्यंतचा सगळा खेळ त्या काही मिनिटांच्या सरकण्यात उरकतो. त्यातली निम्मी मिनिटं कुणी चोरली तर निम्मी पकड गेली, आणि नट मागे फिरायचीही गरज नाही. नटाखालचं काहीतरी दबलं तरी पुरे.

इंजिनाचं हेड धरून ठेवणाऱ्या हेड बोल्टचं असं का होत नाही, हेही लगे हाथ सांगतो. तिथं बोल्ट शंभरेक मिलिमीटर लांब असतो. तेवढ्याच ताणाला तो पाच पट लांब होतो. गॅसकेट किंवा बैठक वीस मायक्रॉन दबली तरी त्याला फारसं कळत नाही. आजकाल बऱ्याच इंजिनांत तर आधी ठरलेला टॉर्क आणि पुढे ९० अंश, पुन्हा ९० अंश असं कोनावर आवळतात. मुद्दाम बोल्ट त्याच्या लवचीक मर्यादेच्या काठावर नेतात, म्हणून तो बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. लांब बोल्ट बारीकसारीक चुका पोटात घालतो. आखूड बोल्टला तेवढं पोटच नसतं.

चोर कोण

रिम उलटी करून टेबलावर ठेवली. दिसायला झकास. काळी, तुळतुळीत, नवी. तेव्हा गुरुजींना आठवलं, किंवा आठवत होतंच पण सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. दिवाळीआधी चारही मॅगव्हीलना पावडर कोटिंग, म्हणजे ओव्हनमध्ये वितळवून चढवलेला प्लॅस्टिकचा रंग, करून घेतलं होतं. आणि कोटिंगवाल्याने अख्खी रिम रंगवली होती. पुढून, मागून, हबला टेकणाऱ्या तोंडावर, इतकंच काय, नट बसतात त्या चार शंकूच्या आकाराच्या बैठकांमध्येसुद्धा.

पावडर कोटिंगचा थर साधारण साठ ते ऐंशी मायक्रॉन असतो. माझ्याकडच्या मायक्रोमीटरने कोटिंग खरवडलेली आणि न खरवडलेली जागा मोजली तर फरक सत्तरच्या जवळ आला. मधल्या भोकाच्या काठावर, जिथं पावडर वितळून ओघळ साचला होता, तिथं दीडशे.

स्टड लांब होतो चव्वेचाळीस मायक्रॉन, आणि त्याच्या दाबाखाली सत्तर मायक्रॉनचं प्लॅस्टिक, तेही दोन ठिकाणी. पोलादावर पोलाद किंवा ॲल्युमिनियम बसलं तर सुरुवातीला थोडं बसतं आणि थांबतं. प्लॅस्टिकचा थर दाबाखाली थांबत नाही, हळूहळू बाजूला सरकत राहतो. गरम झाला की आणखी जोरात. नऊ वाजताच्या बैठकीच्या कडेला कोटिंग पिळून बाहेर आल्याचं गोल वळं दिसत होतं, पोळीखालून जास्तीचं पुरण बाहेर यावं तसं. हबच्या तोंडावर काळ्या रंगाचे ठसे उमटलेले.

कुंभार्ली घाट इथं आला. चिपळूणकडे उतरताना ब्रेकची डिस्क तापते, तिची उष्णता हबमार्फत रिममध्ये जाते. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. रिम जाड व्हायला बघते, स्टड तेवढा लांब होत नाही, म्हणून गरम असताना दाब उलट वाढतो. मऊ झालेलं कोटिंग त्या वाढलेल्या दाबाखाली आणखी पिळलं जातं. खाली पोचल्यावर सगळं थंड होतं, रिम आकसते, आणि आता दाब सुरुवातीपेक्षा कमी. अशा तीन खेपा. प्रत्येक खेपेला थोडी मिनिटं चोरीला.

पहिल्या नटाचा गुन्हा

एवढ्याने ढिलं का झालं ते कळलं. पण एक नट १८० वर आणि समोरचा तुटलेला, ही विषमता कशी? त्यासाठी टायरवाल्याकडे गेलो. भांडायला नाही, चहाला. तिथला मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, हाताने चलाख. त्याला म्हटलं, "तू नेहमी चाक बसवतोस तसं एक बसवून दाखव." त्याने चाक स्टडवर टेकवलं, पायाच्या चवड्याने खालून आधार दिला, वरचा नट दोन आटे हाताने धरला आणि गन लावली. टर्रर्रर्र. तीन-चार सेकंद. मग बाकीच्या तिघांना एकेक छोटा टर्र. "पहिल्याला जास्त वेळ का रे?" "काका, चाक डुगडुगायचं थांबेपर्यंत धरतो ना. मग बाकीचे पटापट."

उत्तर मिळालं. चाक हवेत लटकलेलं, खाली तोंडावर कोटिंगचा ओघळ. पहिला नट, म्हणजे वरचा, बारा वाजताचा, पूर्ण आवळला गेला तेव्हा रिम त्या ओघळावर तिरकी टेकलेली होती. समोरच्या सहाच्या बाजूला केसभर फट. पुढचे नट त्या तिरक्या रिमशी झगडत बसले. नट घट्ट वाटला तरी त्याचा जोर रिम वाकवण्यात गेला, स्टड ताणण्यात नाही. जो नट सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात बसला तो गुन्हेगार, आणि त्याची शिक्षा भोगली समोरच्याने.

आणि त्यानंतर तो मुलगा जे करायचा ते बघून मी गप्पच झालो. गन ठेवून त्याने भिंतीवरचा क्लिकवाला टॉर्क रेंच घेतला, १०० वर लावलेला, आणि चारही नटांवर एकेकदा टक, टक, टक, टक. गिऱ्हाईक खूश. गुरुजींसमोरही हेच झालं होतं, त्यांनी ते मला आधीच अभिमानाने सांगितलं होतं. "टॉर्क रेंचने चेक करून दिलंय." पण क्लिकचा अर्थ एवढाच की १०० पर्यंत ओढूनही नट हलला नाही. तो ११० वर बसलाय की २५० वर, तिरका बसलाय की सरळ, खाली कोटिंग आहे की धातू, हे क्लिकला कळत नाही. गननंतरचा क्लिक म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवण्यासारखं आहे.

बारा वाजताचा स्टड बाहेर काढून त्यावर नवा नट बोटांनी चढवला. पाच आटे लोण्यासारखा गेला आणि सहाव्याला अडकला. नटात दोष नाही हे दुसऱ्या स्टडवर पाहून घेतलं. १.२५ चा थ्रेड गेज त्यावर ठेवून उजेडासमोर धरला तर सुरुवातीला दात बरोबर बसत होते, मध्ये उजेडाची रेघ दिसायला लागली. आट्यांमधलं अंतर वाढलं होतं. हा स्टड कायमचा ताणला गेला होता. नव्या स्टडच्या डोक्यावर १०.९ कोरलेलं असतं. त्याचा अर्थ हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला हजार न्यूटनच्या आसपास तुटतं आणि त्याच्या नव्वद टक्क्यांवर कायमचं लांबायला लागतं. या स्टडसाठी ती मर्यादा साडेआठ टनांच्या जवळ. गनने तीन-चार सेकंदांत तिथवर नेलं होतं.

मदतीला ग्रीस होतंच. "नट गंजू नयेत म्हणून" मुलगा आट्यांना बोटाने ग्रीस पुसायचा. हेतू चांगला. पण टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. घर्षण कमी झालं की तोच जोर ताणण्याकडे वळतो. हे त्याला पटेना, म्हणून त्याला गॅरेजला बोलावलं आणि व्हाइसमध्ये १२ चा, १०.९ चा लांब बोल्ट लावला. पकडीतली लांबी १०० मिलिमीटर, दोन्ही टोकं घासून सपाट केलेली. मोकळा असताना मायक्रोमीटरने मोजला. कोरडा, ६० न्यूटन-मीटरला आवळला तर बोल्ट ०.१२ मिलिमीटर लांबला. सोडवला, आटे आणि डोक्याखालची बैठक ग्रीसने माखली, तोच रेंच, तेच ६० : ०.२० मिलिमीटर. मुलाने स्वतः दोनदा मोजलं. नंतर बराच वेळ तो मायक्रोमीटर हातात घेऊन इतर बोल्ट मोजत बसला होता.

एक गोष्ट मात्र मी खात्रीने निकालात धरत नाही. तुटलं ते डावं चाक. गाडी पुढे जाताना डावं चाक बाहेरून पाहिलं तर नट सुटायच्या दिशेने फिरतं, आणि याच कारणाने ब्रिटिश बनावटीच्या जुन्या ट्रकना डावीकडे उलट्या आट्यांचे नट असत. इथं त्याचा हात होता की योगायोग, ते एका चाकावरून ठरवणं बरं नव्हे.

दुरुस्ती

त्या हबचे चारही स्टड बदलले. तुटला एक, ताणला एक, पण ढिले चाललेले दोघेही फटिगचा हिस्सा खाऊन बसलेले असतात. तडा आत किती शिरलाय ते डोळ्यांना दिसत नाही. नवे स्टड आत ओढताना कित्येकदा शंकूचा नट उलटा लावून, गनने खेचतात, आणि नवा स्टड गाडीवर चढायच्या आधीच ताणला जातो. आम्ही प्रेसने बसवले.

रिमचा निर्णय अवघड होता. सहाच्या भोकाची बैठक ढिल्या नटाने ठोकून ठोकून लांबट झालेली, आत ॲल्युमिनियमची काळी पूड. गुरुजी म्हणाले, "भरून घेता येईल ना, वेल्डिंग करून?" घेता येतं, कुणीतरी करूनही देतं, मी देत नाही. कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून तशीच, रंग न लावलेली एक रिम त्यांनी आठवड्याने शोधून आणली. तोवर गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात.

बाकीच्या तीन रिमच्या बैठका आणि मागचं तोंड रंग काढायच्या रसायनाने सोलून काढलं. कानस किंवा ग्राइंडर लावला नाही, शंकूचा कोन बिघडला तर नट एका रेघेवर टेकतो आणि आपण परत मूळपदावर. हबच्या तोंडाचा गंज वायर ब्रशने काढला, आटे कोरडे केले. मग चाक हवेत असतानाच चारही नट हाताने टेकवले, समोरासमोरच्या क्रमाने ५०, मग चाक जमिनीला लागल्यावर त्याच क्रमाने १००. गनला या सगळ्यात नट आटोपशीर टेकवण्यापुरतंसुद्धा काम नव्हतं.

घरी टॉर्क रेंच नसला तर काय, हे गुरुजींनी विचारलं. गाडीबरोबर येणारा पाना साधारण तीस सेंटिमीटरचा. त्याच्या टोकाला ३३-३४ किलोचा दाब म्हणजे १०० न्यूटन-मीटर. पासष्ट किलोचा माणूस त्यावर उभा राहिला तर १९० च्या पुढे. म्हणजे हाताने, वाकून, अंगाचा निम्मा भार. पाय नाही, पाइप तर नाहीच. रस्त्यात तेवढ्यावर भागतं, पण पोचल्यावर रेंच लावायचा.

प्रत्येक नटावरून रिमवर पांढरी रेघ ओढून गाडी दिली आणि शंभर किलोमीटरनंतर परत बोलावलं. थंड चाकांवर सोळा नट तपासले. आधीच्या रेघेपासून रेंचने १०० ला किती सरकतो ते बघायचं. चौदा नट जागचे हलले नाहीत. मागच्या उजव्या चाकाचे दोन अर्ध्या मिनिटाइतके पुढे सरकले, तीन अंश. त्यातल्या एका बैठकीत, नट काढून पाहिल्यावर, कोपऱ्यात कोटिंगची नखाएवढी कपची राहून गेलेली सापडली. ती काढली, परत आवळलं. हजार किलोमीटरनंतर सोळाही रेघा सरळ होत्या.

कोटिंगवाल्याला गुरुजी स्वतः भेटून आले. तो आता ओव्हनमध्ये रिम टाकायच्या आधी नटांच्या बैठकांना सिलिकॉनची बुचं लावतो आणि मागच्या तोंडावर चिकटपट्टी. बुचांसाठी त्याने आमच्याच गॅरेजमधून एक नट मापाला नेला होता, तो अजून परत आलेला नाही.